सहाव्याचं काय करायचं?

घरातल्या सहांपैकी पाच जण मार्गी लागले की सहाव्याचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे एखादी मावशी हातात घेते. अमेरिकेत २००४ साली तो एनबीसी नावाच्या टीव्ही वाहिनीनं घेतला. मावशी निदान आधी पत्रिका तरी बघते.

'फ्रेंड्स' ही मालिका दहा सीझन आणि २३६ भाग चालून त्या वर्षी ६ मे रोजी संपली. मोनिका आणि चँडलर यांना जुळं झालं आणि ते उपनगरातल्या घराकडे निघाले. रॉस आणि रेचल यांनी दहा वर्षांचं हो-नाही संपवून एकदाचं हो म्हटलं. फीबीचं लग्न आधीच उरकलं होतं. राहता राहिला जोई ट्रिबियानी. होतकरू नट, अट्टल खादाड, बाई दिसली की तोच तो तीन शब्दांचा प्रश्न टाकणारा, आणि डोक्यानं असा की त्याला फसवायला दुसऱ्या कुणाची गरज पडू नये. शेवटच्या भागात त्यानं चँडलरच्या नव्या घरासाठी कोंबडीचं एक आणि बदकाचं एक पिल्लू भेट म्हणून आणलं. पिल्लं फुसबॉलच्या टेबलात जाऊन अडकली आणि त्यांना काढायला ते टेबलच फोडावं लागलं. पाच जणांचे संसार उभे राहिले, सहाव्याचं टेबल मोडलं.

हा शेवटचा भाग अमेरिकेत ५ कोटी २५ लाख लोकांनी पाहिला. एवढी माणसं एका रात्री येऊन बसल्यावर त्यांना 'संपलं, आता निघा' असं सांगणं कुठल्या वाहिनीच्या जिवावर येणार नाही? त्यातून आठवड्याभरात, १३ मे रोजी, एनबीसीचा दुसरा आधारस्तंभ 'फ्रेझर' हाही अकरा वर्षं चालून थांबला. तेव्हा सहाव्याला कामाला लावण्यावाचून इलाज नव्हता. ९ सप्टेंबरला, 'फ्रेंड्स'च्याच वारी, गुरुवारी, रात्री त्याच आठच्या वेळेला, 'जोई' सुरू झाली.

पहिल्या भागाला १ कोटी ८६ लाख प्रेक्षक आले. आकडा अजिबात वाईट नव्हता. लग्नाला आलेल्यांपैकी तिसरा हिस्सा सत्यनारायणालाही आला म्हणायचा. पुढे मात्र माणसं प्रसाद न घेताच उठू लागली. दुसऱ्या सीझनमध्ये तिला गुरुवारवरून उचलून मंगळवारी 'अमेरिकन आयडॉल'समोर उभं केलं. ७ मार्च २००६ च्या त्या भागाला ४० लाखांच्या आसपास प्रेक्षक उरले आणि वाहिनीनं मालिका उतरवली. एकूण ४६ भाग तयार झाले होते, त्यांपैकी आठ अमेरिकेनं टीव्हीवर पाहिलेच नाहीत. लेखकांची दूरदृष्टी मात्र मानायला हवी. पहिल्याच भागात जोई नर्सेसवरच्या मालिकेतलं काम नाकारून दुसरी मालिका घेतो. त्यानं घेतलेली बंद पडते आणि नाकारलेली धो-धो चालते.

आता मुद्दा असा, की ही मालिका चालू शकली असती का? गेली वीस वर्षं याचं एक ठरलेलं उत्तर आहे: 'एकट्या जोईच्या खांद्यावर मालिका पेलली नसती.' आपल्याकडे स्टार वर्ल्डवर 'फ्रेंड्स' बघून ज्या पिढीचं इंग्रजी सुधारलं (निदान तसा त्या पिढीचा समज आहे), तिच्यातलेही बहुतेक हेच सांगतील. मला ते पटत नाही. खांद्याचा इथे काही दोष नाही. त्याला खांदा द्यायला लावला हाच दोष. हा माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या खांद्यावर बसून मजेत होता.

एक प्रसंग घ्या. जोईकडे विश्वकोश विकणारा येतो. सगळा संच परवडत नाही, जवळ ५० डॉलर निघतात, म्हणून जोई फक्त 'व्ही' अक्षराचा खंड विकत घेतो. इथपर्यंत विनोद बरा आहे, पण अर्धाच आहे. पुढे तो खंड वाचून जोई मित्रांमध्ये येऊन बसतो आणि प्रत्येक विषय ओढूनताणून व्होल्कॅनो, व्हिएतनाम अशा 'व्ही'च्या मुलखात आणतो. मंडळी थक्क होतात. मग गप्पा घसरत घसरत कोरियाच्या युद्धावर जातात आणि जोईचा चेहरा उतरतो, कारण 'के'चा खंड घरी नाही. आता यातून मित्र काढून टाका. काय उरलं? एक गृहस्थ घरात एकटा बसून वाचन करतोय. याला कोण हसणार? उलट आया आपल्या मुलांना बोलावून दाखवतील.

किंवा रेचलचं ते प्रसिद्ध ट्रायफल. पाककृतीच्या पुस्तकाची पानं चिकटल्यामुळे गोड पदार्थात खिमा, मटार आणि कांदा पडलेला. बाकी सगळे तो घास तोंडात धरून कुठे थुंकावा याची जागा शोधतात आणि जोई मिटक्या मारत संपवतो. त्या मिटक्यांचा विनोद इतरांच्या तोंडांवर घडतो. जोईचं खाणंही तसंच आहे. ते मोनिकाच्या फ्रिजशिवाय होत नाही. लॉस एंजेलिसला त्याला स्वतःचा फ्रिज दिला. स्वतःच्या फ्रिजमधून स्वतः काढून खाणाऱ्याला आपण खादाड म्हणत नाही. तो जेवतोय एवढंच म्हणतो.

लॉस एंजेलिसला म्हणजे, जोई न्यूयॉर्क सोडून हॉलिवूडमध्ये नशीब काढायला येतो, अशी कथा. (दोन्ही मालिकांचं चित्रीकरण बर्बँकला वॉर्नर ब्रदर्सच्या एकाच आवारात झालं. म्हणजे अख्खं खंड ओलांडून आलेला जोई प्रत्यक्षात फार तर कँटीनच्या या अंगाकडून त्या अंगाला आला असेल.) इथे त्याची बहीण जिना आहे, केशकर्तनाचा धंदा करणारी, तोंडानं फटकळ. तिचा मुलगा मायकेल रॉकेटं बनवण्याच्या शास्त्रात प्रवीण, पण मुलीशी बोलायची वेळ आली की घाम फुटणारा. शेजारी अ‍ॅलेक्स नावाची वकीलबाई. आणि एजंट बॉबी, म्हणजे जेनिफर कूलिज. या बाईंना पुढे 'द व्हाइट लोटस'साठी दोन एमी मिळाली; इथे त्यांना मिळाली ती फक्त अधूनमधून दार ढकलून आत यायची संधी. जिनाचं काम करणारी ड्रेया डे मॅटेओ 'द सोप्रानोज'मध्ये त्याच वर्षी मे महिन्यात गुंडांच्या हातून मारली गेली होती. तिथून सुटून बिचारी इथे आली.

कागदावर यात काही कमी नाही. हुशार रॉसच्या जागी मायकेल, नीटनेटक्या मोनिकाच्या जागी अ‍ॅलेक्स. लेखक स्कॉट सिल्व्हेरी आणि शाना गोल्डबर्ग-मीहान हे 'फ्रेंड्स'मध्येच लिहीत होते, त्यामुळे जोई त्यांना परका नव्हता. मूळ तीन कर्त्यांपैकी मात्र डेव्हिड क्रेन आणि मार्टा कॉफमन बाजूला राहिले आणि एकटा केव्हिन ब्राइट आला. तिघांतला एक आला आणि सहांतला एक आला. एवढ्या हजेरीवर वर्ग भरत नाही.

पण खरा घोटाळा भाच्यानं केला. भाचा मामाकडे आला तो मुलींशी कसं बोलावं हे शिकायला. म्हणजे ज्याला दहा वर्षं पाच जण शिकवत होते, तो एका रात्रीत गुरुजी झाला. जोईचा सल्ला ऐकून कुणी त्याप्रमाणे वागतंय, यासारखं विनोदाला मारक दुसरं काही नाही. घरात लहान माणूस आलं की मोठ्याला शहाणं व्हावं लागतं, हा नियम संसारात ठीक आहे. सिटकॉममध्ये तो पाळायची सक्ती नाही. त्याच सुमारास सीबीएसवर 'टू अँड अ हाफ मेन'मध्ये काका-पुतण्या एका घरात राहत होते आणि ती मालिका जोरात होती. कारण तिथला काका बिघडलेला होता तो बिघडलेलाच राहिला. पुतण्याच्या भल्यासाठी सुधारण्याचा गाढवपणा त्यानं केला नाही. जोई सुधारला. त्याला जबाबदारी आली, काळजी आली, अधूनमधून एकटेपणाही आला. आणि जोई एकटा आणि उदास दिसला की प्रेक्षकाला हसू येत नाही, त्याला एकच शंका छळते: बाकीचे पाच जण साधा फोन का करत नाहीत? त्या पाचांपैकी कुणीही पडद्यावर उगवलं नाही. डेव्हिड श्विमर आला, पण कॅमेऱ्याच्या मागे. त्यानं दोन भागांचं दिग्दर्शन केलं. जिवलग मित्र घरी येऊन तोंड न दाखवता दोनदा काम करून निघून गेला, असाच त्याचा अर्थ झाला.

काळ बदलला होता, हसण्याचे आवाज घातलेल्या मालिका जुन्या झाल्या होत्या, असाही एक बचाव ऐकू येतो. तो टिकत नाही. 'हाउ आय मेट युवर मदर' २००५ साली याच थाटात, न्यूयॉर्क, मित्र, बैठकीची ठरलेली जागा आणि मागचे हशे यांसकट सुरू झाली आणि नऊ सीझन चालली.

मग दुय्यम पात्राला घेऊन मालिका काढूच नये का? 'फ्रेझर' हे त्याचं उत्तर होतं, आणि ते एनबीसीच्याच कपाटात होतं. 'चिअर्स' या बॉस्टनच्या बारमधल्या मालिकेत डॉ. फ्रेझर क्रेन हा तिसऱ्या सीझनमध्ये आलेला आढ्यताखोर मानसोपचारतज्ज्ञ. बारमध्ये त्याचं काम काय, तर भारदस्त बोलायचं आणि इतरांनी त्याची हवा काढायची. १९९३ साली त्याला सिअ‍ॅटलला हलवताना लेखकांनी आधी विचार केला तो त्याची हवा कोण काढणार याचा. म्हणून त्याला बाप दिला: कमरेत गोळी लागून निवृत्त झालेला पोलीस, चिकटपट्ट्या लावलेली आरामखुर्ची आणि टक लावून बघणारा कुत्रा घेऊन मुलाच्या उंची घरात ठाण मांडणारा. 'चिअर्स'मध्ये फ्रेझरनं वडील वारल्याचं सांगून टाकलं होतं. लेखकांनी बापाला निर्धास्तपणे जिवंत केलं आणि मुलगा खोटं बोलला होता असं जाहीर केलं. वर भाऊ दिला नाइल्स, फ्रेझरपेक्षाही जास्त फ्रेझर. २६४ भाग, ३७ एमी. फ्रेझर नायक झाला, पण खाली कुणीतरी जाजम ओढतंय ही त्याची मूळची परिस्थिती लेखकांनी सुटू दिली नाही.

हे गणित दर वेळी जमत नाही, हेही 'चिअर्स'नंच आधी दाखवलं होतं. त्याच बारमधल्या कार्लाचा सोडचिठ्ठी दिलेला नवरा घेऊन १९८७ साली 'द टॉर्टेलीज' काढली, लास व्हेगासला नेली, ती १३ भागांत आटोपली. कोरियाच्या युद्धातल्या लष्करी डॉक्टरांवरच्या 'मॅश' या मालिकेचं तर विचारूच नका. २८ फेब्रुवारी १९८३ चा तिचा शेवटचा भाग दहा कोटींहून अधिक अमेरिकनांनी पाहिला. लगेच त्याच वर्षी 'आफ्टरमॅश' आली: तीन पात्रं उचलून मिझुरीच्या एका माजी सैनिकांच्या इस्पितळात ठेवली. युद्ध संपलेलं, शत्रू नाही, बॉम्ब नाहीत, आणि या सगळ्यावर विनोद करणारा मूळचा नायक हॉकआयही नाही. उरलं इस्पितळ. इस्पितळात मनोरंजनासाठी कोण जातं?

आपल्याला हे समजायला अमेरिकेत जावं लागत नाही. चि. वि. जोश्यांचा चिमणराव नसलेला गुंड्याभाऊ कल्पून बघा. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाशेजारी बाळ कर्वे उभे राहिले की गुंड्याभाऊ पुरता दिसायचा. दंड थोपटलेले बघून घाबरणारा चिमणराव समोर नसेल, तर गुंड्याभाऊ हा नुसता नियमित व्यायाम करणारा माणूस आहे.

असो. तक्रार पुष्कळ झाली. माझ्याकडे योजनाही आहेत. एनबीसीनं विचारलं नाही हा भाग वेगळा.

पहिली योजना: जोईला कुठेही न नेता क्वीन्समध्ये आईबापाच्या घरी परत पाठवायचं. हे घर 'फ्रेंड्स'च्या लेखकांनीच पहिल्या सीझनपासून बांधून ठेवलं होतं आणि नंतर विसरून गेले. बाप पाइपफिटर. त्याची एक बाहेरची बाई आहे. आईला ते ठाऊक आहे, आणि तिची काही तक्रार नाही, कारण तेव्हापासून नवरा घरात नीट वागतो. वर जोईला सात बहिणी. चँडलरनं जोईच्या वाढदिवसाला त्यांतल्या एकीचं चुंबन घेतलं आणि नेमकी कुठली हे दुसऱ्या दिवशी त्याला आठवेना, असा अख्खा भाग त्यांवर झाला होता. पस्तिशी ओलांडलेला, काम मिळेल तेव्हा नट आणि एरवी बेकार असलेला एकुलता एक मुलगा बोजा उचलून घरी येतो. आई खाऊ घालते, बाप बोलतो, सात बहिणी लग्न कधी विचारतात, सात मेहुणे पगार किती ते विचारतात. या मालिकेला सबटायटलं नसती तरी सांगलीत कळली असती. आणि हातात हे असताना त्यांनी सातांतली नेमकी एक बहीण उचलली आणि तिला विमानानं कॅलिफोर्नियाला नेलं. बाकीच्या सहा जणी काय करत होत्या, हा माझ्या मते त्या मालिकेचा सर्वांत मोठा अनुत्तरित प्रश्न आहे.

दुसरी योजना स्टुडिओतली. जोई 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' या मालिकेत डॉ. ड्रेक रॅमोरे होता. माझे संवाद मीच लिहितो, असं त्यानं एका मुलाखतीत फेकलं. चिडलेल्या लेखकानं डॉक्टरांना लिफ्टच्या खड्ड्यात पाडून मारलं. काही वर्षांनी डॉक्टर परत आले, डोक्यात दुसऱ्या एका बाईचा मेंदू बसवून. (आपल्या संध्याकाळच्या मालिकांच्या तुलनेत हे कथानक फारच संयमानं लिहिलेलं आहे.) 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' ही खरीखुरी मालिका असून १९६५ पासून एनबीसीवरच चालू होती, आणि तिचं चित्रीकरण व्हायचं त्याच बर्बँकमध्ये. म्हणजे सेट स्वतःचा, गाव तेच. सूड घेणारा लेखक, वय लपवणारी नायिका, तिसऱ्यांदा मेलेला खलनायक, आणि या सगळ्यांत स्वतःचेच संवाद न कळणारा जोई. इथे त्याला शहाणं व्हायचं कारणच पडलं नसतं.

तिसरी योजना एका वाक्याची. मालिका जोईला द्यायचीच नाही, 'सेंट्रल पर्क' या सहा जणांच्या नेहमीच्या कॅफेतल्या गंथरला द्यायची, आणि जोईनं रोज येऊन फुकट खाऊन जायचं. गंथरचं काम करणाऱ्या जेम्स मायकल टायलरला मुळात घेतलं होतं ते त्याला कॉफीचं यंत्र चालवता येत होतं म्हणून. इतका कामाचा नट वाया घालवू नये.

यातलं कुठलंही चाललं असतं असं मी छातीठोकपणे म्हणतो, कारण एक योजना पुढे जवळजवळ तशीच अमलात आली. 'जोई' बंद पडल्यावर मॅट लेब्लँक काही वर्षं घरी बसला. २०११ साली 'एपिसोड्स' आली. दोन इंग्रज लेखक, नवरा-बायको, आपली सुंदर मालिका घेऊन हॉलिवूडला येतात आणि वाहिनी त्यांच्या गळ्यात एक नट बांधते, मॅट लेब्लँक. त्यानं स्वतःचीच भूमिका केली: लबाड, हावरट, बायकांच्या मागे लागलेला, आणि ज्याच्या नावावर एक आपटलेली मालिका आहे असा. हा माणूस पुन्हा दुसऱ्यांच्या घरात शिरला, दुसऱ्यांच्या ताटातलं खाऊ लागला (एका प्रसंगी ताटाबरोबर लेखकाची बायकोही), आणि समोर कपाळाला हात लावून बसायला ती दोघं होती. २०१२ च्या जानेवारीत लेब्लँकला त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळालं. मालिका पाच सीझन चालली. आणि ती लिहिली कुणी? जेफ्री क्लॅरिकच्या साथीनं डेव्हिड क्रेननं. 'जोई'पासून शहाणपणानं लांब राहिलेला तोच.

आता कुणी म्हणेल, फ्रेझर तर एकदा जिंकला होता ना? त्याचंही सांगतो. २०२३ साली त्याला पुन्हा बाहेर काढलं. या वेळी नाइल्स नाही, बापाचं काम करणारे जॉन महोनी २०१८ साली वारलेले. फ्रेझर एकटाच बॉस्टनला परत आला. सोबतीला काय दिलं असेल? तरुण मुलगा आणि एक अतिहुशार, लाजाळू पुतण्या. दोन सीझन, २० भाग, २०२५ च्या जानेवारीत बंद. जोईला भाचा, फ्रेझरला पुतण्या. अमेरिकन लेखकाला दुसरं काही सुचलं नाही की तो नात्यातलं एक हुशार पोर आणून बसवतो.

महाराष्ट्रात या बाबतीत जास्त अनुभव आहे. ७ मार्च २००६ ला तिकडे मामा-भाच्याची मालिका उतरली आणि बरोबर दोन दिवसांनी, ९ मार्चला, इकडे एका पुतण्यानं काकांच्या मोठ्या मालिकेतून बाहेर पडून मनसे काढली. तो स्पिनऑफ अजून चालू आहे, आणि अलीकडे तर मूळ मालिकेतले कलाकारही त्यात पाहुणे म्हणून दिसू लागलेत.